टॉवेलाखालचं

अन्याय झाला तो शेवंताबाईवर. वय ऐंशीला टेकलेलं, धंदा शेळ्या-बोकडांचा, राहणार माण तालुका. कधी झाला: तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बारा वाजता. कुठे: वडूजला, कचेरीसमोरच्या मोर्चात. कुणी केला: मी केला. तिच्या सख्ख्या भाचीने.

आम्हाला पत्रक असंच लिहायला शिकवलंय, आत्ती. पहिल्या दमात कुणावर, कधी, कुठे, कुणी. वाचणारा रस्त्यात उभा असतो, हातात पिशवी, एसटी सुटायची घाई. त्याच्यापुढे पाल्हाळ लावायचा नाही. म्हणून आधी तेवढं उरकलं. इथून पुढचं तुझ्याशी. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

आज तुझा बारावा दिवस. दहाव्याला गावातले चारजण बोलले. एक म्हणाले, कष्टाळू माउली गेली. दुसरे म्हणाले, बिचारीने सगळं सोसलं. मी खाली मान घालून बसले होते. तू असतीस तर तिथल्या तिथे म्हणाली असतीस, "माउली कुणाची रं? व्यापारी हाय मी." पण 'बिचारी' हा शब्द त्यांच्या तोंडी कुठून आला, ते मला माहीत आहे. माझ्या पत्रकातून आला. तीन वर्षांपूर्वी तुला गावात कुणी बिचारी म्हणत नव्हतं. म्हणायची टाप नव्हती.

ते पिवळं पत्रक. नवऱ्यांनी सोडलेल्या बायकांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड द्या, घर द्या, अशी मागणी. मागणी खरी होती, आजही आहे, त्यावरून मी मागे हटत नाही. पण मागणीला चेहरा लागतो, असं आमच्यात म्हणतात. मी तुझा चेहरा लावला. तिसरी ओळ मला पाठ आहे: 'माझी आत्या शेवंताबाई, मूल होत नाही म्हणून नवऱ्याने टाकून दिली. साठ वर्षे ती भावाच्या पडवीत दिवस काढत आहे.'

छापायला देण्याआधी बरोबरच्या एका ताईंनी विचारलं होतं, "त्यांना विचारलंस का गं?" मी म्हणाले, "त्यात काय विचारायचं, आमचीच आहे."

आमचीच आहे. सातबाऱ्यावरून बाईचं नाव काढताना भाऊ हेच म्हणतात, आणि मी त्यांच्या अंगावर धावून जाते.

पडवी कुठली, आत्ती? अंगणापलीकडच्या दोन खोल्या तुझ्या, तू बांधलेल्या, दारावर तुझं नाव. उलट आम्हीच तुझ्याकडे. दादा, म्हणजे माझे वडील, मुंबईला माथाडी, आई त्यांच्याबरोबर, आणि मी दहावीपर्यंत तुझ्या चुलीपुढे. आणि दिवस काढणं म्हणजे काय, ते तुझ्याकडे बघून कुणाला कळलं नसतं. तू ब्लाउजला खिसा शिवून घेणारी तालुक्यातली पहिली बाई. शिंपी म्हणाला, बायकांच्या ब्लाउजला खिसा नसतो. तू म्हणालीस, "मग ह्यो पुरुषांचा समज आन शीव." बाजार उरकला की उभ्याने भजी खायचीस आणि मला कागदात बांधून आणायचीस, ती घरी येईपर्यंत मऊ पडायची. मला ती तशीच आवडतात अजून. सत्तरीनंतर मोबाईलवर बोकडांचे व्हिडिओ मागवायला लागलीस आणि व्यापाऱ्याला म्हणायचीस, "त्वांडाकडनं नको दावू, त्वांड समद्यांचंच गोड असतंय. मागनं दाव."

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून ती ओळ लिहिली. यालाच मी अन्याय म्हणते. चूक माहिती नसताना होते.

तू उसातून आलीस. सासर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं, बारमाही पाण्याचं. घरातले दोघे फौजेत, दारात ट्रॅक्टर तेव्हापासून. तिथून एकोणिसाव्या वर्षी निघून तू माणात आलीस, जिथे प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघतात. सगळी भावकी एकच वाक्य बोलायची: ऊस सोडून कुसळात आली. म्हणजे हिला नक्कीच हाकललं असणार. पाण्याची जमीन सोडून कुणी बाई आपल्या पायाने दुष्काळात येते का? हा त्यांचा हिशेब. पुढे मी चळवळीत गेले, शिबिरं केली, भाषणं केली, आणि तुझ्याबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा माझाही हिशेब तोच निघाला. बाई स्वतः निघते, हे मला जाहीर सभेत पटतं. तिसऱ्या ओळीत पटलं नाही. तिथे टाकलेली बाई जास्त चालते.

खरं कारण तू मला सांगितलं होतंस. माझी दहावीची परीक्षा संपली त्या दुपारी. तू लिंबाखाली शेळीचे खूर कापत बसली होतीस, मी शेळीचं तोंड धरलं होतं. तू वर न बघता बोलत होतीस. शेवटी म्हणालीस, "हे टॉवेलाखालचं हाय बरं का पोरी."

ज्यांनी जनावरांचा बाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. बोकडाचा भाव तिथे मोठ्याने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून भाव करतात. तोंडाने बोलतात ते पावसाचं नाहीतर पाहुण्यांचं. भोवती वीस माणसं उभी असली तरी सौदा दोघांचाच. आणि तो पटो न पटो, टॉवेलाखाली काय झालं ते तिसऱ्याला कधी सांगायचं नाही. जो सांगतो त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

त्या बाजारात तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा तुला कुणी हात देईना. बाईचा हात भर बाजारात धरायचा कसा? वडूजचे शब्बीरचाचा तेव्हा मिसरूड फुटलेले, वडिलांच्या मागे उभे. ते हे अजून रंगवून सांगतात. तू बोकड धरून उभी, समोर पाच-सहा जण, सगळे पायाकडे बघतायत. एकजण म्हणाला, "बाई, घरचं कोण पुरुषमाणूस असंल तर बोलवा. तुमचा हात कसा धरायचा?"

तू खांद्यावरचा टॉवेल झटकलास आणि म्हणालीस, "हात कोण मागतंय तुमचा? लगीन झालंय माझं. बोटं द्या."

शब्बीरचाचांनी दिली. त्यांच्या वडिलांनी घरी जाऊन त्यांना चांगलंच झापलं, पण सौदा चोख निघाला म्हणून पुढच्या बाजारी स्वतः बोटं दिली. तिथून पुढे तू शेवंताक्का झालीस. साठ वर्षांत तुझ्या टॉवेलाखालचा एक भाव कुणाला कळला नाही.

आणि मी तुझ्या टॉवेलाखालचं कचेरीसमोर वाटलं. तेही बदलून.

मला अजून एक दिवस आठवतो. मी आठवीत असेन. सांगलीला एक लग्न होतं, तुझ्या सासरच्या नात्यातलं, तरी तुला आवतण होतं आणि तू मला घेऊन गेलीस. मांडवात तुझे यजमान आले. पांढरा फेटा, काठी, बरोबर दुसरी बायको आणि नातवंडं. बायका जिलेबी हातात धरून बघत राहिल्या. तू उठलीस, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस.

"गुडघं कसं हायत?"

ते म्हणाले, "हायत. बसाय-उठाय जरा तरास."

"उसात पाणी पाजताना चिखलात उभं ऱ्हायचा. तवाच सांगितलं हुतं."

"व्हय, सांगितलं हुतंस."

एवढंच. मग तू त्यांच्या दुसऱ्या बायकोला म्हणालीस, "तिळाचं त्याल लाव गं बाय ह्यांच्या गुडघ्याला, कोमट करून." आणि परत येऊन जेवायला बसलीस, दोन जिलेब्या जास्त घेतल्यास. ते मात्र जेवले नाहीत नीट. कोणी कुणाला टाकलं होतं, ते त्या दिवशी चौदा वर्षांच्या पोरीलाही दिसत होतं.

ते पत्रक छापून झाल्यावर होळीला मी घरी आले. तुझा टॉवेल खुंटीला. धुतलेला, घडी घातलेला. बाजाराचा दिवस होता. मी विचारलं, "गेली न्हाईस?" तू म्हणालीस, "गुडघं." मी मान डोलावली. म्हातारी झाली आत्ती, असं मनात म्हणाले आणि मोबाईल बघायला लागले.

जेवणं झाल्यावर तू पिठाच्या डब्याखालून पिवळं पत्रक काढलंस. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं वाचन तुझं, बोट ठेवून, एकेक अक्षर दाबत. तिसऱ्या ओळीतल्या 'टाकून दिली'वर बोट ठेवलंस.

"ह्यो शब्द कुणाचा?"

"आमचा. म्हणजे संघटनेचा."

"म्हंजे माझा न्हाई."

"आत्ती, तसा अर्थ नाही गं. टाकलेली असणं यात बाईची लाज नाही, समाजाची आहे."

"लाज कुणाला वाटतीया? मला राग आलाय."

मी भाषण सुरू केलं. त्या एका पत्रकामुळे कचेरी हलली, बायकांना कार्डं मिळाली, एकीच्या दुःखातून सगळ्यांचं भलं होतं, वगैरे. तुझ्यापुढे, जिने मला पुरुषांच्या घोळक्यात आवाज न चढवता बोलायला शिकवलं, तिच्यापुढे मी आवाज चढवला. तू पूर्ण ऐकून घेतलंस.

"कार्डं मिळाली, लय ब्येस झालं. त्यांचा शब्द त्यांना ऱ्हाऊ दे. माझा मला दे."

"म्हणजे काय करू?"

"दुसरं पत्रक काढ. ल्ही, शेवंताला कुणी टाकली न्हाई. ती निघाली."

"अगं, असं मागे घेता येत नाही. विरोधक काय म्हणतील?"

"इरोधक कोण? मीच की."

तू हसलीस, म्हणून मीही हसले. आणि सुटका करून घ्यायला म्हणाले, "बरं, काढते. शब्द देते तुला." तू माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस. तुमच्या बाजारात शब्द कसा असतो ते मला माहीत होतं. आमच्या कार्यालयात कसा असतो तेही.

मग पाण्याचं आंदोलन आलं. मग निवडणूक. मग शिरवळच्या कंपन्यांमधल्या कंत्राटी बायकांचं काम, त्यात वर्ष गेलं. मी आले की तू एकदाच विचारायचीस, "निघालं का पत्रक?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. हसत म्हणायचीस, "आली बाय पत्रकवाली, बिनपत्रकाची." गेल्या दिवाळीला तू विचारलं नाहीस. मला बरं वाटलं. हेही लिहिते: मला बरं वाटलं, की आत्ती विसरली.

तरी तू माझ्यावर राग धरला नाहीस, हे जास्त जड जातं. शिरवळला धरणं धरलं म्हणून आम्हाला पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं, तर तू एसटी बदलत भाकरी आणि ठेचा घेऊन आलीस. गुडघे दुखणारी बाई. हवालदाराला म्हणालीस, "आवं सायेब, हिला ठिवायचं तर ठिवा बापडं, पर हिला दोन येळा च्या लागतो. न्हाईतर डोस्कं धरतंय, मग तुमालाच भाषान ऐकावं लागंल." त्याने चहा मागवला. तुलाही दिला. तू त्याच्या गावाला कुणाच्या शेळ्या आहेत ते विचारत बसलीस. बाहेर पडल्यावर बायकांनी मला विचारलं, या कोण? मी म्हणाले, माझी आत्ती. त्यातली एक म्हणाली, "त्या पत्रकातल्या का? टाकलेल्या?" तू बस शोधत पुढे गेली होतीस. ऐकलंस की नाही ते मला माहीत नाही. मी तेव्हा 'हो' म्हणाले.

साताऱ्याच्या हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी भेटायची वेळ चारची होती. तोंड पुसायला तुझा तो बाजारचा टॉवेलच आणला होता घरून. बोलताना दम लागत होता तुला. तू माझा हात ओढलास, टॉवेल वर घेतलास, आणि खाली माझी बोटं धरलीस. आधी दोन बोटं एकत्र. सोडलीस. मग सगळा पंजा, दोनदा, जोरात. त्या हातात एवढं बळ उरलं असेल असं वाटलं नव्हतं.

"काय म्हणतीस आत्ती?"

"कळलं न्हाई?"

"न्हाई गं."

"सोळा वर्सं माज्या हाताखाली जेवलीस आन बोटं शिकली न्हाईस," म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मीही. रागावलीस असं वाटलं नाही. ते आपलं शेवटचं बोलणं.

परवा शब्बीरचाचा येऊन गेले. काठी टेकत, नातवाच्या गाडीवर मागे बसून. चहा घेतला, बराच वेळ खुंटीकडे बघत बसले. मी टॉवेल काढला, त्यांच्या पुढ्यात बसले आणि म्हणाले, "चाचा, तिनं असं केलं. ह्याचा अर्थ काय?" टॉवेलाखाली त्यांची बोटं तशीच धरून दाखवली. आधी दोन, मग पंजा दोनदा.

ते हात काढून घेईनात. मग म्हणाले, "टॉवेलाखालचं वर सांगत न्हाईत, बेटी."

"चाचा, ती गेली."

"ती गेली. सौदा ऱ्हायलाय." माझी बोटं सोडून म्हणाले, "एवढं सांगतो. त्यो भाव न्हवता. ती देत न्हवती, मागत हुती. दिलेला शब्द मागत हुती. बाकी तुमचं तुमी जाणा."

मी रडले असेन. मग ते म्हणाले, "दुसरं एक हाय, ते टॉवेलावरचं हाय, समद्यांदेखत झालेलं. ते सांगतो." आणि त्यांनी मला ते सांगितलं, जे तू तीन वर्षं गुडघ्यांवर ढकललंस.

माझा मोर्चा झाला त्याच आठवड्याचा बाजार. पिवळी पत्रकं आमच्या पोरांनी बाजारातही वाटली होती. तू एका नव्या व्यापाऱ्याचा बोकड हाताने चाचपून म्हणालीस, "कण्यात भरला न्हाई गड्या, दोन महिनं थांब." त्याने खिशातून पत्रक काढलं, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आक्का, नवऱ्यानं टाकलेला माल तुमी. आमच्या मालाला कशाला नावं ठेवताय?" हसलेही काहीजण. शब्बीरचाचा त्याच्या अंगावर गेले. तू त्यांना हाताने मागे सारलंस. शांतपणे त्या दिवसाचा एक सौदा राहिला होता तो पुरा केलास. टॉवेल खांद्यावर टाकलास आणि चालत स्टँडवर गेलीस. भजी घेतली नाहीस.

त्यानंतर तू बाजारात पाय ठेवला नाहीस. साठ वर्षं पुरुषांच्या बाजारात जी बाई कुणाच्याने हलली नाही, तिला तिथून उठवायला तिच्या भाचीचा एक शब्द लागला.

आत्ती, माफी मागून तुला काय करायचंय. तुला माझी माफी नको होती, तू पत्रक मागितलं होतंस. मला उशीर झाला. तीन वर्षं आणि बारा दिवसांचा. हे ते दुसरं पत्रक. लांबलंय, पाल्हाळ झालंय, आमच्या लोकांनी निम्मं कापलं असतं, म्हणून त्यांना दाखवलंच नाही. संघटनेच्या नावाने नाही, माझ्या नावाने निघतंय. तू का निघालीस ते यात कुठेही नाही. शोधणाऱ्यांनी पुन्हा वरून वाचलं तरी सापडणार नाही. ते लिंबाखाली राहिलं. टॉवेल माझ्याकडे आहे आणि शब्बीरचाचा म्हणालेत, बोटं शिकवतो.

आता वाचणाऱ्यांशी. माण-खटावात, साताऱ्यात, सांगलीकडे, कुठेही तुमच्या घरात ते पिवळं पत्रक असेल. डब्याखाली, पोरांच्या वहीच्या कव्हराला, दुकानाच्या रद्दीत. काढा. तिसरी ओळ उघडा, पेन घ्या. 'नवऱ्याने टाकून दिली' हे खोडा आणि वर लिहा: 'निघाली'. 'भावाच्या पडवीत दिवस काढत आहे' हे खोडा आणि लिहा: 'स्वतःच्या घरात राहून धंदा करत होती'. ज्याला तुम्ही तेव्हा ते वाचून दाखवलं होतं, त्याला आता हे वाचून दाखवा.

आणि 'मूल होत नाही म्हणून' हे त्याच्या आधीचे चार शब्द आहेत ना, तेही खोडा. त्या जागी काही लिहू नका.